खंडेनवमीनंतरचा कॉम्प्युटर

सोमवार, १३ नोव्हेंबर १९८९. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेचा पहिला दिवस.

कॉम्प्युटरच्या खोलीत हजर: मुख्याध्यापक, गणिताचे सर, शिपाई आणि मी. मी विज्ञान शिकवायचे. प्रयोगशाळेची किल्ली माझ्याकडे असायची, म्हणून या खोलीचीही. गैरहजर: वीज. ती दुसऱ्या तासाला आली.

गाव मोताळा तालुक्यातलं. शाळा एका संस्थेची, आणि संस्थेच्या शाळा जिल्हाभर पसरलेल्या. त्या वर्षी आमची आठवीची एक तुकडी कमी झाली आणि गणिताचा एक शिक्षक जास्त ठरला. कागदावर त्याला 'अतिरिक्त' म्हणतात. अतिरिक्त माणसाला संस्था जिथे जागा असेल तिथे पाठवते. जागा होती बीबीला, लोणार तालुक्यात, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. बुलडाणा, चिखली, मेहकर अशा एसट्या बदलत जायचं. सकाळी निघालेला माणूस दिवेलागणीला पोचणार.

तो शिक्षक म्हणजे गणिताचे सर, आणि सरांना गाव सोडून चालणार नव्हतं. त्यांच्या पत्नीला त्या उन्हाळ्यात अर्धांगवायू झाला होता. उजवी बाजू गेली होती. मूलबाळ नव्हतं. सर शाळेत असताना शेजारच्या घरात राहणारी तिची सख्खी बहीण तिचं सगळं बघायची. भरवणं, कूस बदलणं, अंग पुसणं. ही सोय उचलून बीबीला नेण्यासारखी नव्हती.

वाट एकच होती. शाळेला कॉम्प्युटर मिळाला होता आणि तो चालवायचं प्रशिक्षण अमरावतीला जाऊन फक्त सरांनी घेतलं होतं. कॉम्प्युटरचा वर्ग चालू असेल तर ते तास सरांच्या नावावर धरले जाणार होते. तास भरले की सर अतिरिक्त नाहीत. संस्थेचे तपासनीस शुक्रवारी येऊन वर्ग स्वतः बघणार होते. म्हणजे शुक्रवारी मशीन सुरू असायला हवं.

वीज आली. सरांनी बटण दाबलं. काहीही झालं नाही.

"सुट्टीत धूळ बसली असंन," मुख्याध्यापक म्हणाले. "पुसा पह्यले."

पुसलं. काहीही झालं नाही.

बिघडलेल्या वस्तूला हात लावण्याआधी काय काय तपासायचं ते मी लिहून काढते. सोपं आधी, अवघड शेवटी. घरचा स्टोव्ह असो की शाळेचा पंप, माझी रीत तीच. त्या दिवशी फळ्यावरच लिहिलं: वीज, सॉकेट, स्टॅबिलायझर, वायर, उंदीर.

"उंदराचं नाव काऊन टाकलं, मॅडम?" शिपायाला ते लागलं. "माह्या हाताखाली उंदीर नाही."

टेबल पुढे ओढलं तर भिंतीकडेला लेंड्याच लेंड्या.

"हे जुने हायेत," तो म्हणाला. "माह्या आधीच्या शिपायाचे."

सर हसले. त्या आठवड्यातलं त्यांचं ते एकच हसू मला आठवतं. वायरी मात्र शाबूत होत्या. सॉकेटमध्ये टेबललॅम्प लावून पाहिला, पेटला, पण पिवळट. राहिला स्टॅबिलायझर. आमच्याकडे रब्बीला पाणी सुरू झालं की सगळ्या विहिरींवरच्या मोटारी एकदम चालतात आणि गावातला दिवा काजव्यासारखा होतो. तो दाब सावरायला हा डबा. त्याचा काटा थरथरत वर जायचा, आत 'टक्' व्हायचं आणि काटा मरून पडायचा.

म्हणजे मशीन चांगलं आहे, डबा बिघडला आहे. मी फळ्यावर बाकीच्या शब्दांवर काट मारली. आम्हाला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी धामणगाव बढ्याहून रेडिओ दुरुस्त करणाऱ्या चाचांना बोलावलं. ते सायकलवर पेटी बांधून आले, चपला बाहेर काढल्या, कारण त्या खोलीत सगळेच काढत, आणि कॉम्प्युटरकडे एक नजर टाकून म्हणाले, "इसकू मैं हात नै लगाता बाई, पह्यलेच सांगून ठेवतो."

"याला नाही, चाचा. स्टॅबिलायझर बघा."

"वो देखता."

त्यांनी तो खोलला, जळकी तार काढली, दुसरी डाग देऊन बसवली. मग काटा सावकाश वर चढला आणि तिथेच राहिला. सरांनी बटण दाबलं. मशीनच्या पोटातला पंखा घुमायला लागला, काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं आली. शिपायानं टाळी वाजवली. मुख्याध्यापकांनी सर्वांसाठी चहा सांगितला, चाचांसाठी भजीसुद्धा.

आता फ्लॉपी.

त्या मशीनच्या पोटात स्वतःचं काही साठवलेलं नसायचं. तळहाताएवढी, काळी, चौकोनी, कागदासारखी लवणारी फ्लॉपी त्याच्या फटीत घातली की ती वाचून ते उठायचं. सर पोरींना सांगायचे, "तुमच्या बापाले सकाळी च्या भेटल्याबिगर तो बोलते का? तसंच हे. ही याची च्या." सुरू करायची ती फ्लॉपी एक, आणि तिचीच नक्कल असलेली दुसरी. प्रशिक्षणाहून सर दोन्ही छातीशी धरून घेऊन आले होते.

पहिली घातली. लाल दिवा लागला. आतून घर्र घर्र असा आवाज आला, जात्यात खडा गेल्यावर येतो तसा. मग पडद्यावर इंग्रजीत एक ओळ उमटली. अर्थ असा की योग्य फ्लॉपी घाला आणि कळ दाबा.

"योग्यच हाये ना बे ही," सर मशीनला म्हणाले.

पुन्हा घातली. पुन्हा तीच ओळ. मग सरांनी ती बाहेर काढून खिडकीच्या उजेडात धरली.

फ्लॉपीच्या काळ्या कव्हराला एक लांबट भोक असतं. तिथून आतली चकती उघडी दिसते आणि मशीन तिथूनच वाचतं. त्या भोकात, चकतीवर, वाळलेलं कुंकू होतं. त्याच्या कडेनं पिवळी रेघ. हळद.

खंडेनवमीला आमच्याकडे ज्याचं हत्यार त्यानं पुजायचं. शेतकरी विळा-वखर पुजतो, सुतार रंधा पुजतो, न्हावी वस्तरा पुजतो. दुसऱ्याच्या हातून केलेली पूजा चालत नाही. शाळेत मी तराजू आणि भिंगं मांडायचे, भूगोलाचे सर पृथ्वीचा गोल, शिपाई घंटा. त्या वर्षी पहिल्यांदा कॉम्प्युटर होता आणि तो सरांचा. सरांनी पाटावर पांढरं फडकं घालून दोन्ही फ्लॉप्या पाकिटासकट मांडल्या. हळद-कुंकू घरून आणलं होतं. पत्नीनं आपला करंडाच दिला होता, माझा हात उचलत नाही तर माझ्या वाटचं तुम्ही लावा म्हणून. बहिणीनं ते वाटीत कालवून दिलं होतं.

सर पाकिटावर बोट टेकवणार तेवढ्यात मुख्याध्यापक म्हणाले, "सर, देवाच्या सदऱ्याले कुंकू लावता का? कपाळाले लावा."

सरांनी फ्लॉपी पाकिटातून काढली. काळ्या चौकोनात तेवढं एक लांबट, तुळतुळीत, उघडं भोक. तिथं कुणालाही कपाळच दिसलं असतं. त्यांनी ओलं बोट तिथं टेकवलं.

"आन् दुसरीले?" शिपाई म्हणाला. "दोघी बहिनी हायेत. एकीले लावलं, एकीले नाही, असं नोका करू."

दुसरीलाही लावलं. अक्षता, झेंडू, आपट्याचं पान. पेढे वाटले. दसऱ्यानंतर सहामाही परीक्षा आल्या, मग सुट्टी लागली, आणि खोलीला कुलूप राहिलं.

"मले शिकवलं होतं, बाई," सर खिडकीपाशीच म्हणाले. "अमरावतीले पह्यल्याच दिवशी शिकवलं होतं, इथं बोट नाही लावाचं. मी वहीत दोनदा अधोरेखित केलं होतं. आन् त्या दिवशी मले ते आठवलंच नाही. पाटावर ठिवल्यावर ते मले मशीन वाटलंच नाही."

मी प्रयोगशाळेतून स्पिरिट आणि कापूस आणला. सरांनी श्वास रोखून चकती पुसली. कापसावर आधी लाल आलं, मग पिवळं, मग तपकिरी. तपकिरी आल्यावर त्यांनी हात थांबवला. ते कुंकू नव्हतं, चकतीचंच अंग होतं. तरी घालून पाहिली. घर्र घर्र, आणि तीच ओळ. दुसरीचंही तेच झालं. चाचा सगळा वेळ दारात उभे होते. चहाचा कप त्यांनी खाली ठेवला, भजीही खाल्ली नाहीत.

बुलडाण्याच्या एका शाळेत अगदी असंच मशीन होतं. बुधवारी मुख्याध्यापकांनी चिठ्ठी दिली आणि शिपाई पहिल्या एसटीनं गेला. तिथल्या मास्तरांनी आपली जादा फ्लॉपी दिली, परत करायच्या बोलीवर. धूळ लागू नये म्हणून शिपायानं ती कोऱ्या रुमालात बांधून जेवणाच्या डब्यात घातली आणि डबा मांडीवर घेऊन आला. त्यासाठी डबा घासून, उन्हात वाळवून नेला होता. स्वतः दिवसभर उपाशी.

"हात नाही लावला, मॅडम," त्यानं डबा माझ्यापुढे धरला. "कंडक्टर म्हने काय हाये, दाखव. मी म्हनलं, सायबाचं रक्त हाये, तपासाले चाललं. मंग नाही बोलला."

गुरुवारी सकाळी ती फ्लॉपी सरांनी कडेला धरून फटीत सरकवली. लाल दिवा लागला. पहिल्या क्षणी आवाज मऊ होता आणि पडद्यावर दोन ओळी सरसर उमटल्या. सर अर्धवट उठले. मग घर्र झालं. पडद्यावर तीच ओळ.

बाहेर काढली. भोकातून दिसणाऱ्या कोऱ्या तपकिरी चकतीवर एक बारीक गोल ओरखडा होता, कंपासनं काढावा तसा. तेव्हा सगळं उलगडलं. मंगळवारी आम्ही कुंकवाच्या फ्लॉप्या पुन्हा पुन्हा घातल्या होत्या. हळदीचे वाळलेले कण मशीनच्या आत जाऊन बसले होते. आता आत जाईल त्या फ्लॉपीला ते असेच कोरणार होते. उसनी आणलेलीही गेली.

चाचांना पुन्हा निरोप धाडला. त्यांनी फटीत बॅटरीचा उजेड पाडून, एक डोळा मिटून पाहिलं. "पीला दिखता है," ते म्हणाले. "लेकिन इसका दात कहां है, जीभ कहां है, मेरे कू मालूम नै. रेडिओ असता तर अब्भी खोल के देता. इसमें हात घातला ना सर, तो जो बचा है वो भी जायेगा."

सरांनी मान हलवली. कंपनीचा माणूस नागपूरहून यायचा होता. पत्र टाकलं तर उन्हाळ्यापर्यंत येईल असं मुख्याध्यापक म्हणाले. आशेनं म्हणाले, हेच वाईट.

शुक्रवारी तपासनीस आले. वर्गात नववीच्या मुली चटईवर बसलेल्या. मशीन चालू, पंखा घुमतोय, पडद्यावर ती इंग्रजी ओळ. सरांनी फळ्यावर खडूनं अख्खा कळफलक काढला होता, एकेक कळ पट्टीनं आखून. मुली पुढे येऊन फळ्यावरच्या कळा दाबत आणि त्यानं काय होईल ते सांगत. एकीनं चुकीची कळ दाबली तेव्हा बाकीच्या ओरडल्या, "पुसलं गेलं ना सारं!" तपासनीससुद्धा हसले.

"वर्ग उत्तम आहे," ते म्हणाले. "आता मशीनवर दाखवा."

सरांनी सगळं सांगितलं, काही न लपवता.

"पाकिटातून काढायला कुणी सांगितलं?"

मुख्याध्यापक खिडकीबाहेर बघत होते.

"पूजा माही होती," सर म्हणाले.

तपासनीस वाईट माणूस नव्हते. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. "मला 'मशीन बंद' असंच लिहावं लागेल. खडूचा वर्ग मोजता येत नाही." निघताना व्हरांड्यात मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, हुकूम निघेल, तो थांबणार नाही. त्यांनी आधी रुजू व्हावं. पण घरच्या आजारपणाचा अर्ज केला तर बदली फिरवता येते. त्याला सिव्हिल सर्जनचा दाखला लागतो. पेशंटला बुलडाण्याला प्रत्यक्ष न्यावं लागेल, बुधवारी; दाखले त्याच दिवशी देतात. कागदावर भागत नाही."

हुकूम आठवड्याच्या आत आला. सर एक पत्र्याची पेटी आणि वळकटी घेऊन बीबीला गेले. जायच्या आदल्या दिवशी त्यांनी शाळेत येऊन मशीनवर कापड घातलं आणि कोपरे खाली खोचले. अर्जाचं काम मी माझ्याकडे घेतलं. असली कामं मला जमतात.

सर गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी शाळा सुटल्यावर मी त्यांच्या घरी गेले. पत्नी पुढच्या खोलीत खाटेवर होती. बहीण पायाशी बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. पत्नीचं बोलणं आजारानं जडावलेलं होतं, पण धार गेली नव्हती.

"या बाई. त्या डब्यानं माहा नवरा नेला."

"परत आणू. त्यासाठीच आले." मी दाखल्याचं सांगितलं.

"मी आजारी हाये हे साऱ्या गावाले दिसते. त्या बुलडाण्याच्या सायबाले येगळं काऊन दाखवाचं?"

"तिथं शिक्का मिळते," बहीण म्हणाली. "तुह्या तोंडाले शिक्का नाही. चूप जाय."

"जाईन. पन खाटेसगट न्या. मले बसता येत नाही." मग ती माझ्याकडे बघत राहिली. "बाई, एक सांगा. पूजा नीट केली होती ना त्यायनं? माहं कुंकू लावलं होतं ना?"

"लावलं होतं."

"मंग काऊन बंद पडला तो?"

सरांनी तिला सांगितलेलं नव्हतं. मी बहिणीकडे पाहिलं. तिलाही ठाऊक नव्हतं, आणि वाटीतलं कुंकू तिनंच कालवलेलं. "विजेचा दाब कमी होता," मी म्हणाले. सोमवारपुरतं ते खरंही होतं.

दाखल्याच्या कामात अडचण एकच होती, गाडी. खाट एसटीत जात नाही. बैलगाडीनं घाट चढून बुलडाण्याला नेलं असतं तर पेशंट तिथं पोचण्याआधीच दाखल्याची गरज संपली असती. हवी होती जीप. आणि दिवस निवडणुकीचे. जिल्ह्यातली प्रत्येक जीप झेंडे लावून फिरत होती. सरपंचांच्या जीपवर भोंगा होता. कापसाच्या जिनवाल्या शेठची जीप मलकापूरला होती.

"मतदान झालं की तुमचीच," सरपंच म्हणाले. "सांगून ठिवतो डायवरले."

मतदान झालं. भोंगा उतरला, पण जीप आधी मोताळ्याला मिरवणुकीत गेली, मग गॅरेजमध्ये. पुढच्या बुधवारी शेठच्या जावयाचं काम निघालं. त्याच्या पुढच्या बुधवारी जीप होती, ड्रायव्हर लग्नाला गेला होता. दर मंगळवारी मी दोन घरांचे उंबरे झिजवायचे आणि दर मंगळवारी मला चहा मिळायचा.

सर महिन्यातून एकदा यायचे. शनिवारी रात्री पोचायचे, रविवारी पहाटे निघायचे. बीबीची शाळा चांगली आहे म्हणायचे, पोरं हुशार आहेत. स्वतः वाळले होते. जानेवारीत आले तेव्हा रविवारी पहाटे निघताना माझ्या घरी आले, बसले नाहीत.

"पाठीले जखम झाली तिच्या," ते म्हणाले. "बहिनीच्या घरीच लेक बायंतपनाले आली, तिचे हात पुरत नाहीत. मी काही म्हनत नाही तिले." मग म्हणाले, "ह्या बुधवारी होते का, बाई?"

"सरपंचांना उद्याच विचारते."

"हाव," ते म्हणाले. त्यांना माझ्या बोलण्याचा विश्वास वाटत नव्हता आणि मलाही वाटत नव्हता. त्यांना एसटी गाठायची होती.

सोमवारी सकाळी मी कामं लिहून काढली. अर्ज तयार. सरांची सही आहे. मुख्याध्यापकांची शिफारस जोडली. खाट बांधायला दोर शिपाई आणणार. गादी आणि दोन उशा बहीण देणार. मागे धरून बसायला दोन माणसं हवीत, चाचा येतो म्हणाले. जखमेवरचं मलम आणि कापूस माझ्याकडे.

जीप विचारायची राहिली आहे.